माफक पैशांत भरवशाची सायकल

सायकल विकत घेणे हा वरवर पाहता अगदी साधा व्यवहार वाटतो. दुकानात जावे, रंग पसंत करावा, घंटा वाजवून पाहावी आणि पैसे मोजून सायकल घरी आणावी. परंतु ज्या कुटुंबाला या खरेदीसाठी चार-सहा महिने पैसे बाजूला टाकावे लागतात, त्याच्या दृष्टीने हा व्यवहार मुळीच साधा नसतो. निवड चुकली तर कारखान्यावर पोहोचायला उशीर होतो, दुधाची फेरी बुडते, मुलीची शाळा सुटते. आणि झालेली चूक सुधारण्यासाठी पुन्हा तेवढेच पैसे उभे करणे बहुधा शक्य नसते. म्हणूनच थोडक्या पैशांत चांगली सायकल कशी पारखावी, याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

सामान्यांचे वाहन

जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती, ही आजच्या सायकलीची मूळ रचना होय. जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये इंग्लंडात ‘रोव्हर’ नावाने ती रूढ केली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर सिद्ध केला आणि हाडे खिळखिळी करणारे हे यंत्र सुखावह झाले. भारतात कित्येक वर्षे सायकली परदेशातूनच येत, आणि सायकल बाळगणारा गृहस्थ गावात त्या सायकलीवरूनच ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स, बंगालमध्ये आसनसोल येथे सेन-रॅले, सोनीपत येथे ॲटलस, लुधियाना येथे हिरो असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. १९५६ मध्ये सुरू झालेल्या हिरो कारखान्याची नोंद १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून झाली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. यांपैकी काही कारखाने आज चालू नाहीत. आसनसोलचा कारखाना केव्हाच बंद पडला. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला. तरीसुद्धा त्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या जुन्या सायकली आजही रस्त्यावर दिसतात. याचे कारण असे की, आपल्या देशातील साध्या काळ्या सायकलीचे बहुतेक भाग ठरलेल्या मापांचे असतात. एकाची रिम, दुसऱ्याची चेन आणि तिसऱ्याचे पायडल एकाच सायकलीवर बिनतक्रार बसते. भरवशाची सायकल म्हणजे कधीही न बिघडणारी सायकल नव्हे, कारण तशी सायकल अस्तित्वातच नाही. बिघडल्यास जवळच्या मिस्त्रीकडे, थोड्या वेळात व थोड्या पैशांत जी दुरुस्त होते, ती भरवशाची सायकल होय. पुढील सर्व विवेचनात वाचकाने हे सूत्र ध्यानात ठेवावे.

प्रथम गरज, मग दुकान

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच चार प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. रोजचे अंतर किती? रस्ता सपाट की चढउताराचा, डांबरी की कच्चा? सायकलीवर ओझे काय असणार? आणि सायकल एकच माणूस वापरणार की घरातील अनेकजण?

गंगेच्या खोऱ्यातील वा तंजावरच्या सपाट प्रदेशात रोज सात-आठ किलोमीटर जाणाऱ्या माणसाला २८ इंची चाकांच्या साध्या सायकलीसारखे दुसरे वाहन नाही. मोठे चाक लहान खड्ड्यांवरून सहज जाते आणि सरळ बसण्याची पद्धत पाठीला त्रास देत नाही. ही सायकल साधारणपणे वीस किलोच्या आसपास भरते. हा जडपणा चढावर जाणवतो, सपाटीवर फारसा नाही. दुधाच्या किटल्या, भाजीच्या टोपल्या किंवा गॅसची टाकी वाहून नेणाऱ्याने जाड नळ्यांचा, दुहेरी दांडीचा आणि चिमट्याला जोड आधार असलेला नमुना घ्यावा. झारखंडमधील कोळसा वाहणारे मजूर साध्या सायकलीला लोखंडी सळ्यांचे आधार देऊन तिच्यावर दोनशे किलोहून अधिक कोळसा लादतात व ती ढकलत नेतात. इतका भार कोणी घालावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु चांगला सांगाडा किती सोसतो, याची त्यावरून कल्पना येते.

मापाची सायकल

सायकलीच्या मापाबद्दल बोलताना दोन निरनिराळ्या आकड्यांची नेहमी गल्लत होते. २८ इंच किंवा २६ इंच हे आकडे चाकाचे. २०, २२ किंवा २४ इंच हे आकडे सांगाड्याचे, म्हणजे सीटखालच्या नळीच्या लांबीचे असतात. चालविणाऱ्याच्या उंचीशी खरा संबंध या दुसऱ्या आकड्याचा आहे.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलीवर, सीटच्या पुढे, उभे राहावे. दांडी आणि शरीर यांच्यात किमान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्यावे व त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत गुडघा सरळ व्हावा; टाच पोहोचण्यासाठी कंबर एका बाजूस कलवावी लागू नये. चालविताना पायाचा चवडा पायडलवर असतो, तेव्हा गुडघ्यात आपोआपच योग्य तेवढा बाक येतो. सीट फार खाली असेल, तर गुडघे दुखतात आणि सायकल जड आहे असा उगाच समज होतो.

मूल वाढते आहे म्हणून कपडे सैल शिवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सायकलीच्या बाबतीत हा हिशेब धोक्याचा ठरतो. ज्या सायकलीवरून मुलाचा पाय जमिनीला पोहोचत नाही, ती त्याला गर्दीत थांबवता येत नाही. फार तर सीट व हँडल सर्वांत खाली असताना नेमके बसेल असे माप घ्यावे. मूल वाढेल तशी दोन्ही वर घेता येतात. मात्र सीटच्या दांड्यावर जी खूण असते, तिच्यापलीकडे तो वर काढू नये.

स्त्रियांसाठी आडवी दांडी नसलेली सायकलच योग्य, असे सामान्यतः मानले जाते. साडी नेसणाऱ्या स्त्रीला तिच्यावर बसणे-उतरणे सोपे जाते, हे खरेच आहे. परंतु याविषयी हट्ट नसावा. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी असताना, साक्षरता मोहिमेला जोडून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि दांडीवर मूल बसविता येते म्हणून त्यांतील काहींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या. गरज काय आहे, हे वापरणाऱ्यालाच अधिक कळते.

पैसे कोठे घालावेत

माफक रक्कम हाती असता सर्वच भाग उत्तम मिळणार नाहीत. म्हणून कोठे काटकसर चालेल व कोठे चालणार नाही, हे ठरविणे हा खरेदीचा गाभा होय. घंटा, चेनचे झाकण, कॅरिअर, मडगार्ड, रंग आणि पट्टे यांत काटकसर चालते. हे भाग मागाहून बदलता येतात. सांगाडा, चिमटा, चाके आणि ब्रेक यांत ती मुळीच चालत नाही.

सांगाडा पाहताना सायकलीच्या मागे दोन-तीन पावलांवर उभे राहून मागील व पुढील चाक एका रेषेत आहे की नाही, हे पाहावे. नळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवावे; तेथे भेग, फट किंवा लांबी भरून बुजविलेली जागा असता कामा नये.

चाके पारखण्यासाठी ती एकेक उचलून फिरवावीत. ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवली म्हणजे रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली डोलते की काय, हे लगेच दिसते. यालाच मिस्त्री ‘चाकाला आउट आहे’ असे म्हणतात. नव्या सायकलीत थोडासा आउट आढळला तर दुकानातच तारा ओढून काढून घ्यावा. मग बोटाने तारा छेडाव्यात. एका बाजूच्या तारांचा आवाज साधारणपणे सारखा आला पाहिजे. एखादी तार भद्द वाजली तर ती सैल आहे असे समजावे. साध्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण माणसाचे व ओझ्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर पडते.

चाकाच्या छऱ्यांची पारख अशी : चाक हळूच फिरवून सोडावे. हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या वजनाने ते एक-दोनदा मागेपुढे झुलून थांबले, तर छरे मोकळे आहेत. अडखळत एकदम थांबले, तर ते फार आवळलेले आहेत किंवा खराब आहेत. उलट रिम धरून बाजूला हलविल्यावर खटखट जाणवली, तर ते सैल आहेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली असता हँडलच्या मुळाशी अशीच खटखट लागता कामा नये. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवून पाहावेत. तेथे ढिलाई असेल तर कॉटर पिन किंवा आतील कप झिजलेला असतो.

ब्रेकविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. साध्या सायकलीत दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक असतात. ते जाड असले तरी वर्षानुवर्षे टिकतात, आणि चाकाला थोडा आउट आला तरी काम देतात. तारेचे ब्रेक अधिक हलके व जोरकस असतात, पण त्यांची तार गंजते आणि ती वेळोवेळी बदलावी लागते. कोणताही प्रकार असो, दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक असणे आवश्यक आहे. पोलादी, चकचकीत मुलाम्याच्या रिमचा एक मोठा दोष असा की, ती पावसात ओली झाली म्हणजे ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते आणि सायकल थांबायला पुष्कळच अधिक अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओला ब्रेक यापेक्षा बरा लागतो. कोकण, केरळ किंवा आसाम यांसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशातील ग्राहकाने शक्य तर ॲल्युमिनियमची रिम घ्यावी, आणि ती नसल्यास पावसात सावकाश चालविण्याची सवय ठेवावी.

गिअरचा मोह

अलीकडे दुकानात दर्शनी भागी जाड टायरच्या, स्प्रिंग बसविलेल्या, एकवीस गिअरच्या सायकली मांडलेल्या असतात. मुलांना त्यांचा मोह पडतो यात नवल नाही. चांगल्या प्रतीच्या गिअरच्या सायकली निश्चितच उपयुक्त असतात. परंतु त्यांची किंमतही तशीच असते. जेव्हा साध्या सायकलीपेक्षा थोडेसेच अधिक पैसे घेऊन गिअर, स्प्रिंग आणि डिस्क ब्रेक असे सारेच दिले जाते, तेव्हा ती किंमत कोठून तरी भरून काढलेली असते, आणि बहुधा ती चाके, छरे व चिमटा यांच्या प्रतीतून काढलेली असते. स्वस्त स्प्रिंगेचा चिमटा काही महिन्यांत खिळखिळा होतो. तो वजन वाढवितो आणि पायाची शक्ती वाया घालवितो. खेड्यातील मिस्त्रीकडे त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, हा दोष वेगळाच.

चढाच्या रस्त्यासाठी एक अत्यंत कमी खर्चाचा उपाय आहे, आणि तो थोडक्या ग्राहकांना ठाऊक असतो. साध्या सायकलीला पुढील चक्राला बहुधा ४४ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतात. पुढील चक्राच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ फेरे घेते. २८ इंची चाकाचा परीघ टायरसह सव्वादोन मीटरच्या किंचित आत असतो. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. मागे १८ ऐवजी २२ दात्यांची फ्रीव्हील बसविली, तर हेच अंतर साडेचार मीटरच्या जवळ येते. वेग थोडा कमी होतो, पण चढ आणि ओझे दोन्ही पायांना हलके वाटतात. आख्ख्या गिअरच्या यंत्रणेच्या मानाने या बदलाचा खर्च क्षुल्लक असतो.

जुनी सायकल घेताना

पैसे अगदीच थोडे असतील, तर वाईट नव्या सायकलीपेक्षा चांगली जुनी सायकल केव्हाही श्रेयस्कर. मात्र ती पारखण्यास नजर हवी.

सर्वप्रथम ती चोरीची नाही याची खात्री करावी. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक खरवडलेला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तेथून निघून यावे. मूळ पावती मागावी. ती नसल्यास विकणाऱ्याकडून नाव, पत्ता व क्रमांक घालून लेखी पावती घ्यावी.

नंतर सांगाड्याची पुढची बाजू निरखावी. समोरून धडक बसलेल्या सायकलीत हँडलच्या नळीला जेथे खालची नळी जोडलेली असते, तेथे खालच्या अंगाला रंगावर सुरकुत्या किंवा भेगा दिसतात. चिमटाही मागे सरकलेला असतो. नवा रंग दिलेली जुनी सायकल या कारणासाठी अधिक बारकाईने पाहावी, कारण रंग पुष्कळ गोष्टी झाकतो.

चेनची झीज मोजपट्टीने कळते. नव्या चेनच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर येते. हे अंतर एक अष्टमांश इंचाने वाढले असेल, तर चेन संपली असे समजावे. आणि तिच्यासोबत फ्रीव्हीलचे दातेही बहुधा झिजून टोकदार झालेले असतात. टायरच्या कडेला बारीक चिरा पडल्या असतील, तर नक्षी शिल्लक असूनही तो फार दिवस टिकणार नाही.

या तपासणीत जे भाग बदलावे लागतील, त्यांची यादी कागदावर करून त्यांची किंमत मिस्त्रीला विचारावी आणि ती विक्रीच्या किमतीत मिळवावी. ही बेरीज तशाच नव्या सायकलीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक झाली, तर नवीच घ्यावी. टायर, चेन आणि ब्रेकचे रबर खराब असणे हा घासाघीस करण्याचा मुद्दा आहे. सांगाडा वाकलेला असणे हा व्यवहार मोडण्याचा मुद्दा आहे.

जोडणी आणि पहिला महिना

आपल्याकडे सायकली कारखान्यातून बहुधा सुट्या किंवा अर्धवट जोडलेल्या स्थितीत दुकानात येतात व तेथील मिस्त्री त्या उभ्या करतो. त्यामुळे एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन सायकलींत जमीन-अस्मानाचे अंतर पडू शकते. घाईने आवळलेले छरे, ग्रीसविना बसविलेले कप आणि कशातरी ओढलेल्या तारा चांगल्या सायकलीचे आयुष्य निम्म्यावर आणतात. म्हणून दुकान निवडताना पाच-पन्नास रुपयांच्या फरकापेक्षा मिस्त्रीच्या हाताकडे अधिक लक्ष द्यावे. शक्य असल्यास जोडणी चालू असताना समोर बसावे, आणि ग्रीस पुरेसे भरले जात आहे, हे पाहावे. कुशल कारागिराला याचा राग येत नाही.

नवी सायकल पहिल्या महिन्यात सैल होते, हे तिचे वैगुण्य नव्हे. तारा आपल्या जागी बसतात, कॉटर पिना दबतात, चेन किंचित लांबते. महिनाभराने सायकल पुन्हा त्याच दुकानात नेऊन तारा, पिना व नटबोल्ट आवळून घ्यावेत, आणि हे काम किमतीतच करून देण्याचे खरेदीच्या वेळीच कबूल करून घ्यावे. या एका फेरीचा कंटाळा केल्यामुळे अनेक चाके वर्षाच्या आत निकामी होतात.

खर्चाचा हिशेब

पाटीवरची किंमत ही सायकलीची पूर्ण किंमत नव्हे. कुलूप, स्टँड, कॅरिअर, पंप यांसाठी निराळे पैसे लागतात, आणि पुष्कळांच्या अंदाजपत्रकात ते धरलेलेच नसतात. हातातील रकमेच्या साधारण दहावा हिस्सा यासाठी राखून ठेवावा. कुलूप त्यात पहिले. मागचा लाल रिफ्लेक्टर व रात्रीचा दिवा यांनाही चैन समजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे; ग्राहकाने पावतीवर त्याची खातरजमा करून घ्यावी.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कामगाराला बससाठी जाता-येता रोज ३० रुपये पडतात आणि महिन्यात २५ दिवस काम असते. त्याचा मासिक खर्च ७५० रुपये झाला. त्याने सर्व साहित्यासह ७,३०० रुपयांची सायकल घेतली आणि तिच्या देखभालीला दरमहा १०० रुपये धरले, तर महिन्याला ६५० रुपये वाचतात आणि सुमारे सव्वाअकरा महिन्यांत सायकल फिटते. त्यानंतरची बचत त्याची स्वतःची. परंतु याच माणसाने दोन हजार रुपये वाचविण्यासाठी कच्च्या चाकांची सायकल घेतली आणि महिन्यातून चार दिवस ती दुरुस्तीत पडून राहिली, तर तेवढे दिवस बसभाडे तर जातेच, शिवाय दुरुस्तीचा खर्च वाढतो. उशिरामुळे एक दिवसाची मजुरी बुडाली, तर त्या महिन्याची बचत जवळजवळ नाहीशी होते.

या हिशेबात न मावणाऱ्याही काही गोष्टी आहेत. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी प्रत्येकी २,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. पुढे कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्क्यांनी वाढ झाल्याचे आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारने पैसे दिले. सायकल निवडली ती त्या मुलींच्या घरच्यांनी. ज्या घरात पूर्वी कधी सायकल आली नव्हती, अशा घरातील माणसाने दुकानात उभे राहून चाक फिरवून पाहिले की नाही, यावर त्या मुलीची पुढील दोन वर्षे सुरळीत जाणार की नाही, हे अवलंबून होते.

तेव्हा खरेदीला जाताना घाई करू नये. दिवसाउजेडी जावे, सायकलीची माहिती असलेला एखादा शेजारी सोबत न्यावा, मोजपट्टी खिशात ठेवावी, आणि ज्या व्यक्तीसाठी सायकल घ्यावयाची, तिलाच दुकानाबाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारावयास सांगावी. घेतलेल्या सायकलीची निगा कशी राखावी, कोणत्या ठिकाणी तेल द्यावे व कोणत्या ठिकाणी ग्रीस, पंक्चर घरच्या घरी कसे काढावे, याचा विचार पुढील प्रकरणात करावयाचा आहे.